धरून की सोडून

डिसेंबरच्या आठ तारखेला संध्याकाळी तात्यांचा फोन आला तेव्हा मी नुकताच एका मीटिंगमधनं सुटलो होतो आणि गॅसवर चहा ठेवला होता. तात्या म्हणजे माझे चुलते. कागलच्या बाजूला आमचं गाव, तिथं दोन एकर ऊस, दोन म्हशी आणि तात्या-काकी. तात्यांना फोनवर हॅलो वगैरे भानगड जमत नाही, डायरेक्ट विषय. "आरं, नोव्हेंबरच्या चोवीस तारखंला आपला ऊस गेला. आज किती दिस झालं सांग." आता हे तोंडी पण सांगता आलं असतं, पण लॅपटॉप समोर उघडाच होता, त्यावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालूच होती, हात गेला सवयीनं. दोन तारखा टाकल्या, एकीतनं दुसरी वजा केली, एंटर. चौदा. म्हटलं, "चौदा दिवस झाले तात्या." पलीकडं थोडा वेळ नुसता म्हशीचा आवाज. मग, "पंधरा." म्हटलं चौदा. "पंधरा. मी दोनदा मोजल्यात." म्हटलं अहो कम्प्युटर सांगतोय. तर म्हणाले, "इतकी वर्सं पुण्याच्या कंपनीचा पगार घ्यालाईस आणि दिस मोजाय येईनात व्हय?" आणि ठेवला फोन. तोवर चहा उतू जाऊन शेगडीभर झाला होता.

तात्यांचा हा हिशोब काही रिकामपणाचा नव्हता. ऊस कारखान्याला घातला की चौदा दिवसांच्या आत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. आमच्याकडं हा नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो. प्रत्यक्षात कारखाने पंधरवड्याला बिलं काढतात, लोक वाट बघतात, व्याज मागायला सहसा कोण जात नाही. पण चौदा दिवस झाले की पंधरा, म्हणजे मुदत आज संपतीय की काल संपली, हा प्रश्न तात्यांच्या दृष्टीनं जिव्हाळ्याचा. तीन लाखाच्या उसावर पंधरा टक्क्यानं एका दिवसाचं व्याज काढलं तर सव्वाशेच्या आसपास रुपये येतात. मी ते पण काढून बघितलं. सव्वाशे रुपयांसाठी तात्या भांडणार नाहीत हे मलाही माहीत होतं. पण त्यांचं ते "मी दोनदा मोजल्यात" डोक्यातनं जाईना.

रात्री गॅलरीत उभा होतो. हंगाम सुरू झाला की वाऱ्याची दिशा बरोबर असली तर इथं कोल्हापुरात, राजारामपुरीतसुद्धा रात्री मळीचा तो गुळचट, थोडा आंबूस वास येतो. निदान मला येतो. बायको म्हणते तुला भास होतो. त्या वासात उभं राहून मी बोटावर मोजलं, चोवीस, पंचवीस, सव्वीस... आणि आले की पंधरा! परत मोजलं, आता चोवीसला मूठ मिटूनच ठेवली आणि पंचवीसला पहिलं बोट उघडलं. चौदा. म्हणजे भांडण सगळं त्या चोवीस तारखेचं. ती धरायची की सोडायची.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हे नवीन नाही, उलट लाज वाटावी इतकं जुनं आहे. वजाबाकी दोन टोकांमधलं अंतर सांगते, टोकं मोजत नाही. मी कॉलेजला असताना सुट्टीत गावी तारेचं कुंपण घातलं होतं, तेव्हा खांब आणायला मलाच पाठवलेलं. शंभर फूट लांबी, दहा फुटाला एक खांब, म्हणून मी ऐटीत दहा दगडी खांब आणले. खड्डे काढून, खांब उभे करून, तार ओढत शेवटाला आलो तर शेवटच्या खड्ड्यात घालायला खांबच नाही. भर उन्हात चुलतभाऊ फावड्यावर हात ठेवून माझ्याकडं नुसता बघत होता. गाळे दहा, खांब अकरा. तो अकरावा खांब मी सायकलच्या कॅरेजला आडवा बांधून आणला होता, आणि गावात शिरल्यापासनं शेतापर्यंत भेटेल तो विचारत होता, "इंजिनेर, एकच व्हय?"

तर हे सगळं माहीत असून, परत तीच चूक. चूक तरी म्हणायची का, तेच कळत नव्हतं.

मग भाषेकडं लक्ष जायला लागलं. एकदा लागलं की थांबत नाही ते, दातात अडकलेल्या तंतूसारखं. आपण म्हणतो "आठ दिवसांनी ये", तर माणूस पुढच्या त्याच वारी येतो, म्हणजे सात दिवसांनी. आठवडा म्हणतो, त्यात आठ ऐकू येतो, दिवस सात. "पंधरा दिवसांनी" म्हणजे चौदा. सोमवार ते सोमवार, दोन्ही सोमवार धरून आठ, असंच आमच्या जिभेनं पहिल्यापासनं मोजलंय, आणि त्यात कुणाची कधी गाडी चुकली नाही. कुणी गेलं तर दहावा दहाव्या दिवशीच होतो, आणि तो दिवस मोजताना माणूस गेला तो दिवस पहिला धरतात. कम्प्युटरला विचारलं तर तो नऊ म्हणेल, आणि नऊ ऐकून कुणी नदीवर जायचं थांबणार नाही. आणि "परवा" तर कमालच. परवा येऊन गेला, परवा येणार आहे, दोन्हीला एकच शब्द. अंतर दोन दिवस, पुढं की मागं ते क्रियापद बघून घेईल. प्रोग्रॅममध्ये अशी चिन्ह काढून टाकलेली संख्या हवी असेल तर वेगळं फंक्शन लावावं लागतं, आमच्याकडं ते बोलण्यातच बसवून दिलंय. पायथनमध्ये तारखा उलट्या टाकल्या तर उणे चौदा येतात. आणि नुसत्या तारखा न घेता वेळेसकट घेतल्या, आणि पहिली वेळ दुसरीपेक्षा एका सेकंदानं पुढची असली, तर तो म्हणतो उणे एक दिवस, अधिक शहाऐंशी हजार तीनशे नव्याण्णव सेकंद. एक सेकंद मागं जायला हा बाबा आधी अख्खा दिवस मागं जातो आणि मग एक सेकंद कमी दिवसभर पुढं चालत येतो. हिशोबाला बरोबर आहे, पण असलं कुणी रस्त्यात सांगितलं तर आपण त्याला लिंबूपाणी देऊन सावलीत बसवू.

ह्या एका दिवसानं मला आधी एकदा चांगलंच भाजलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात इथल्याच एका पतसंस्थेचं काम होतं, ठेवींच्या व्याजाचं. तिथल्या वसुलीच्या टेबलावरचे एक काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ठेव ठेवल्याला दिवस धरायचा, काढल्याला दिवस सोडायचा. एवढं लक्षात ठिवा, बाकी सगळं तुमचं." मी मान डोलावली, कारण एक टोक धरून एक सोडलं की वजाबाकीच उरते, म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. आणि तीन-चार महिन्यांनी एक निवृत्त शिक्षिका काउंटरवर आल्या. हातात वही, वहीला खाकी कव्हर, आत रेघ मारून रकाने. म्हणाल्या, माझ्या ठेवीवर एका दिवसाचं व्याज कमी आलंय. लाखावर आठ टक्क्यानं एक दिवस म्हणजे एकवीस रुपये ब्याण्णव पैसे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला मॅडम सिस्टीमनं काढलंय. त्या म्हणाल्या, सिस्टीमला बोलवा.

तर सिस्टीम गेली. म्हणजे मी गेलो. त्यांनी मला समोर बसवून महिन्या-महिन्याचे दिवस मोजून दाखवले, मुठीच्या उंचवट्यांवर. जानेवारी उंचवटा एकतीस, फेब्रुवारी खड्डा, मार्च उंचवटा... जुलैला करंगळीच्या उंचवट्यावर आल्या आणि परत पहिल्या उंचवट्यावर उडी मारून ऑगस्ट, दोन्ही एकतीस. नख एकदम बारीक कापलेलं, प्रत्येक उंचवट्यावर टेकवून पुढं. मला वाटलं कुठंतरी त्याच चुकल्या असतील. नव्हत्या. चूक माझी होती, आणि ती साडेपाच तासांची होती. जावास्क्रिप्टला तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आडव्या रेघा घालून दिली की तो ती ग्रीनिचची मध्यरात्र समजतो, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच, आणि वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे आकडे दिले की इथली मध्यरात्र. मी ठेवीची तारीख एका पद्धतीनं घेतली होती आणि मुदतीची दुसऱ्या. उत्तर येतं मिलीसेकंदात, एका दिवसाला आठ कोटी चौसष्ट लाख, त्यानं भागलं की पूर्ण आकड्याच्या जागी साडेपाच तास कमी असलेला अपूर्णांक, आणि मी अपूर्णांक खाली कापून टाकलेला. गेला एक दिवस. सगळ्याच ठेवींचा गेला असता पण त्या एका फॉर्मपुरतंच ते होतं म्हणून वाचलो. (त्याच भाषेत जानेवारी हा शून्यावा महिना, तारीख मात्र एकपासून. असं का, हे विचारायचं नसतं.) बाईंनी एकवीस रुपये ब्याण्णव पैसे घेतले, वहीत लिहिले, आणि जाताना म्हणाल्या, "गणितात चूक होते बाळ, पण मोजून बघायचं." मी कान लाल करून उभा.

तेव्हापासनं महिना हा शब्द जरी कुणी मागणीत लिहिला तरी माझ्या पोटात गोळा येतो. दिवस तरी दिवस असतो. महिना म्हणजे काय? पायथनच्या त्या फरकाच्या आकड्यात दिवस आहेत, सेकंद आहेत, महिना आणि वर्ष नाहीतच, ज्यानं केलं त्यानं शहाणपणानं टाळलंय. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर जावा म्हणते फेब्रुवारीची शेवटची तारीख, समजा एकोणतीस. त्या एकोणतीसमधनं एक महिना वजा केला तर येते एकोणतीस जानेवारी. गेलो तिथनं परत आलो तर घर दोन दारं सोडून. गावात डेअरीचं बिल दहा दिवसाला निघतं, त्यातलं महिन्यातलं तिसरं कधी दहा दिवसांचं, कधी अकरा, फेब्रुवारीत आठच दिवसांचं, तरी म्हणायचं दहा दिवसाचंच बिल. त्यावरनं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. दूध किती घातलं ते लिहिलेलं असतं ना, मग झालं.

दोन वर्षांपूर्वी भाचीला शाळेत राजर्षी शाहू महाराजांवर प्रोजेक्ट होतं. त्यात ह्या पोरीनं स्वतःच्या डोक्यानं एक रकाना काढला, महाराज किती दिवस जगले. जन्म २६ जून १८७४, निधन ६ मे १९२२. माझ्याकडं आली, एक्सेल उघडून बसली, तर एक्सेल जन्मतारीख घेईचना. त्याच्या लेखी जग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं, त्याच्या आधीची तारीख म्हणजे नुसती अक्षरं. कोल्हापुरात बसून शाहू महाराजांचा जन्म मान्य नसलेलं सॉफ्टवेअर! भाची भयंकर चिडली. मग तिनं कागदावर केलं, मी पायथनवर. माझं आलं १७,४८०. तिचं १७,४८१. मी मोठेपणा घेऊन म्हटलं, तू पहिला दिवस पण धरलास बघ. म्हणाली नाही धरला. कागद बघितला तर खरंच नव्हता धरला, तिनं १९०० हे लीप वर्ष धरलं होतं. चारनं भाग जातो म्हणून. शंभरनं भाग जात असेल तर चारशेनं पण जायला लागतो, हे तिला अजून शिकवलं नव्हतं. वेगळीच चूक, पण उत्तर तेच, आणि मी उत्तरावरनं चूक ओळखायला गेलो होतो. गंमत म्हणजे नेमकी हीच चूक एक्सेलमध्ये पण आहे, त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस बसवलेला आहे, लोटस १-२-३ ह्या त्याच्या आधीच्या तसल्याच सॉफ्टवेअरशी जुळावं म्हणून तसाच ठेवलेला. भाचीला हे सांगितल्यावर तिचा राग गेला. म्हणाली, म्हणजे मी एक्सेलएवढी तरी हुशार आहे.

तो १७,४८० चा आकडा मात्र माझ्या मनात राहिला. सत्तेचाळीस वर्षं, दहा महिने, दहा दिवस. मी आता त्या वयाच्या जवळ आलोय. २०२२ साली सहा मेला महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी शंभर सेकंद शहर उभ्या जागी थांबलं होतं, मी दसरा चौकात स्कूटर बंद करून उभा. एरवी तिथं सिग्नल सुटायच्या आधी मागनं हॉर्न सुरू होतो. त्या दिवशी पुतळ्यापाशी कबुतरांच्या पंखांचा आवाज येत होता, आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलेलं, ते तापलेलं इंजिन टिक टिक करत गार होत होतं. शंभर वर्षांचे ३६,५२५ दिवस होतात. शंभर सेकंद मात्र शंभरापेक्षा लांब वाटले. ह्याला कुठलं फंक्शन लावायचं?

आणि किरणोत्सव. तो आठवला कारण तात्यांचा ऊस जायच्या आधी पंधराएक दिवस तोच झाला होता. (बघा, मीही पंधराएकच म्हणतोय.) अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात नऊ, दहा, अकरा, आणि मग एकतीस जानेवारी, एक आणि दोन फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येत गाभाऱ्यापर्यंत जातात. मी लहानपणी आजीच्या कमरेला धरून त्या गर्दीत उभा राहिलोय, पुढचं काही दिसायचं नाही, नुसती माणसांची पाठ आणि घामाचा, गजऱ्याचा वास, आणि मग पुढनं कुजबूज मागं सरकत यायची, पायापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि एकदम सगळे हात वर. आजी मला उचलायची नाही, म्हणायची, दिसत नसलं तरी हात जोड. त्या रात्री झोप येत नव्हती म्हणून ह्या तारखा टाकून बघितल्या. नऊ नोव्हेंबर ते दोन फेब्रुवारी पंच्याऐंशी दिवस. दहा ते एक त्र्याऐंशी. अकरा ते एकतीस जानेवारी एक्याऐंशी. आणि तिन्हीचा मध्य काढला तर एकच, एकवीस आणि बावीस डिसेंबरच्या मधोमध. सगळ्यात लहान दिवस असतो तिथं. सूर्य दक्षिणेला सरकत जातो, तिथनं वळतो, आणि येताना जाताना क्षितिजावर त्याच जागेवरनं मावळतो, म्हणून देवळात वर्षातनं दोनदा. हे पुस्तकात वाचलं असतं तर बरं म्हणून पान उलटलं असतं. स्वतः वजाबाकी करून तिन्ही वेळा तोच मध्य आला तेव्हा रात्री दीड वाजता एकटाच हसलो. इथं धरायचा सोडायचा प्रश्नच नाही, दोन्ही टोकं धरा नाहीतर दोन्ही सोडा, मध्य तिथंच राहतो. बायकोला उठवून सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही, ती जिंकली असती.

तात्यांचं वय काढायचा मी पूर्वी एकदा प्रयत्न केला होता, कसलासा फॉर्म भरताना. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९६७. आता एक जून म्हटल्यावर आपल्याकडं कुणाला काही सांगायला नको. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना घातला, सहा वर्षं पूर्ण दिसायला पाहिजेत एवढंच बघून. पण आजी सांगायची ते वेगळं. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे भांडी फळीवरनं पडली, सगळे अंगणात पळाले, आणि "मला तवा तात्याचा सातवा लागला हुता." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे तात्या जन्मले ६८ च्या फेब्रुवारी-मार्चात कधीतरी. आणि कागदावर भूकंपाच्या पहाटे तात्या एकशे त्र्याण्णव दिवसांचे, पाळण्यात. कम्प्युटरला ह्यात काहीच वावगं वाटत नाही, तो दोन तारखा मागतो आणि वजा करतो, तारीख गुरुजींची आहे का आईची ते त्याला कुठनं कळणार. तसंही त्याच्या लेखी वेळ १ जानेवारी १९७० ला सुरू होते, आपल्या पहाटे साडेपाचला, त्याच्या आधीचे सेकंद सगळे उणे. भूकंप उणे, आजीची फळीवरनं पडलेली भांडी उणे, तात्यांचा जन्म उणे.

पण आजीचा तो शब्द. लागला.

सातवा लागला म्हणजे सहा सरले. चाळिसावं लागलं म्हणजे एकोणचाळीस पुरी झाली. आपल्याकडं दोन्ही हिशोब पहिल्यापासनं आहेत, फक्त क्रियापदं वेगळी. कम्प्युटर मला सांगत होता की चौदा दिवस सरले. तात्या म्हणत होते पंधरावा लागलाय. आणि फोनवर दोघांनीही क्रियापद गाळून नुसते आकडे एकमेकांवर फेकले होते. हे सुचल्यावर मला फार भारी वाटलं, अगदी त्याच वेळी फोन करावा असं. पण रात्रीचे दोन वाजले होते, आणि गावात रात्री दोनला फोन आला तर माणूस आधी चप्पल शोधतो.

रविवारी गावी गेलो. तात्या सोप्यात बसले होते, काकीनं चहा आणि चुलीवरच्या भाजलेल्या शेंगा आणून ठेवल्या. मी माझं लागला-सरला समजावून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं, शेंग फोडत. मग म्हणाले, "ते असू दे. हिकडं ये." आत कोठीपाशी भिंतीला दिनदर्शिका. तिच्यावर तात्यांचा सगळा संसार लिहिलेला असतो, मोटरीची पाळी, डेअरीचं बिल, कुणाचं लग्न, म्हैस भरवली तो दिवस. पान मागं उलटून नोव्हेंबर काढला, चोवीसच्या चौकोनात बारीक अक्षरात 'ऊस' आणि खाली गाडीचा नंबर. तात्यांनी त्याच्यावर नख टेकवलं. "ह्यो एक."

आणि मग पुढं न जाता तिथंच थांबले. पहाटे चारला टोळी आली. थंडी होती, टोळीतली पोरं पाचट पेटवून शेकत बसलेली. दुपारी शेवटची ट्रॉली भरली आणि बांधाच्या वळणाला चाक रुतलं, आदल्या आठवड्यात पाणी पाजलेलं म्हणून रान ओलं. दुसरा ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, साखळी तुटली. तोवर अंधार. काकीनं भाकऱ्या रानात आणून दिल्या, बॅटरीच्या उजेडात सगळ्यांनी खाल्ल्या. अर्धा ऊस उतरवून, ट्रॉली काढून, परत भरून, रात्री अकराला गाडी रस्त्याला लागली. तात्या चाकाच्या चिखलानं भरलेलं धोतर तसंच घेऊन कट्ट्यावर बसले होते, काट्याची पावती येईपर्यंत. पावतीवर चोवीसच तारीख, वेळ बाराला थोडी कमी. "आणि तुझा कम्प्युटर म्हनतोय त्यो दिस मोजायचा न्हाई?" तात्या म्हणाले. आवाज चढवून नाही, साधंच. मग नख पंचवीसवर गेलं. "ह्ये दोन."

मी काही बोललो नाही. शेंगा खाल्ल्या. पैसे आले होते एव्हाना, दहा तारखेला, माझ्या हिशोबानं सोळाव्या आणि त्यांच्या हिशोबानं सतराव्या दिवशी, व्याजाचा विषय कुणी काढला नाही.

निघताना म्हणाले, म्हैस कवा विणार सांग तेवढं, फेब्रुवारीच्या वीसला भरवलीया. म्हशीचे दहा महिने दहा दिवस. मी मनात चाललो, वीस डिसेंबर अधिक दहा, तीस तारीख. मग फोनवर तीनशे दहा दिवस टाकून बघितले, सत्तावीस. तीन दिवसांचा फरक, महिना ह्या शब्दाचा. दोन्ही सांगितल्या. तात्या म्हणाले, "तिला सांग जा, हितं मला काय सांगतोस," आणि गोठ्याकडं बोट केलं. म्हैस खाली बसून रवंथ करत होती, एक कान हलवला.

एकोणतीसला सकाळी चुलतभावानं फोटो पाठवला. पिवळ्या बल्बच्या उजेडात ओलं रेडकू, पाय अजून नीट उभे राहत नव्हते, शेजारी काकीचा हात आणि हातात फडकं. फोटोवर वेळ एकोणतीस डिसेंबर, रात्री बारा चाळीस. मागोमाग तात्यांचा फोन. रेडी झालीया, बेस हाय, म्हशीनं त्रास दिला न्हाई. मी म्हटलं, तात्या, दिनदर्शिकेवर एकोणतीस लिहा, बारा वाजून गेले होते. "आठ्ठावीसच लिवलंय," तात्या म्हणाले. "दिस उगवायच्या आदी तारीख कशी बदलंल?"